तुटक रेघ

गेल्या सोमवारी नव्या साहेबांनी एक यादी पाठवली. आमच्या रक्तकेंद्रातून जे लोक सोडून गेले, त्यांची कॉम्प्युटरवरची लॉगिन काढून टाकायची होती. सतरा नावं होती. मी सोळा काढली आणि सतराव्यापुढं लिहिलं, ‘मोहोड – आठ दिवस थांबा.’

साहेब उठून माझ्या टेबलाशी आले. भला माणूस आहे, नागपूरहून येऊन तीनच महिने झालेत. म्हणाले, “मॅडम, हे मोहोड तर वारले ना?”

“वारले.”

“मग आठ दिवसांत काय होणार आहे?”

“आमच्याकडं तशी पद्धत आहे,” मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं असेन. मी तोंडाची फटकळ आहे, हे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. साहेब गेले. मग मी सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. एवढी तर मोहोड सरांच्या तेराव्याला, सगळ्यांसमोर, नव्हते रडले.

तर ही पद्धत कुठून आली ते सांगते.

मी अकोल्याची. लग्न अकोल्यातच झालं, नोकरी मात्र लागली अमरावतीला, या केंद्रात. रोज सकाळची गाडी पकडून बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावती. पहिल्या दिवशी गाडी लेट झाली, मी घामाघूम होऊन अकराला पोचले. कॉम्प्युटरच्या खोलीत एक उंच, वाळका माणूस जमिनीवर उकिडवा बसला होता. कानावर पेन्सिल. समोर एक मोठं कॅलेंडर पालथं घातलेलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर सगळे चौकोनच चौकोन.

वर न पाहता म्हणाले, “अकोलेवाली तूच का वं?”

“हो सर.”

“अकोल्यात ऊन तेवढं चांगलं पडते. बाकी काई खरं नाई. बस.”

बसायला खुर्ची नव्हती. मीही जमिनीवर बसले. हे मोहोड सर. केंद्राचा सगळा डेटाबेस त्यांनी उभा केला होता आणि तेच एकटे सांभाळत होते. मी त्यांच्या हाताखाली आले होते. पुढं बारा वर्षं मला त्यांनी नावानं हाक मारली नाही. मी अकोलेवालीच राहिले.

डेटाबेस म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की मी त्या दिवशी सरांनी सांगितलं तेच सांगते. कपाटभर वह्या. एका वहीत रक्तदाते, दुसरीत रक्ताच्या पिशव्या, तिसरीत रुग्ण. या वह्यांना टेबल म्हणायचं. पिशव्यांच्या वहीत दात्याचं नाव नसतं, फक्त त्याचा कार्ड नंबर असतो. नाव पाहायचं तर दात्यांची वही उघडावी लागते. म्हणजे पिशव्यांची वही दात्यांच्या वहीच्या भरोशावर उभी. दात्यांची वही कोणी काढून नेली, तर पिशवी तिथंच राहते, पण ती कोणाच्या रक्ताची हे देवालाही सांगता येत नाही.

“उतरंड पाह्यली का कधी?” सरांनी विचारलं.

“आजीकडं होती.”

“रचाची खालून, काढाची वरून. बस, झालं तुह्यं शिक्षण. बाकी सारं पगारासाठी.”

त्यांचे ते चौकोन म्हणजे टेबलं. जे टेबल ज्याच्या भरोशावर, त्याच्याकडं बाण. कॅलेंडर ते बियाण्याच्या दुकानातून मागून आणायचे, कारण ते मागून कोरं असतं. ज्या कॅलेंडरच्या पाठीवर राशिभविष्य आणि लोणच्याच्या पाककृती छापतात ते त्यांच्या कामाचं नव्हतं. जानेवारीत केंद्रात येणारा जो तो सरांसाठी एक कॅलेंडर घेऊन यायचा. ड्रायव्हर, परिचारिका, वॉचमन, सगळे.

बाण दोन तऱ्हेचे असत. पक्की रेघ म्हणजे कॉम्प्युटरला माहीत असलेलं नातं. ते तोडायला गेलं की कॉम्प्युटरच अडवतो. आणि तुटक रेघ म्हणजे जे नातं कॉम्प्युटरला कोणी सांगितलेलंच नाही, ते फक्त ज्यानं काम केलं त्याच्या डोक्यात असतं. सर तुटक रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवून म्हणायचे, “पक्क्या रेघेचं भेव नाई. माणसं मारते थे ही.”

आमच्या केंद्रात अशा तुटक रेघा पुष्कळ. पहिलं सॉफ्टवेअर कोणी केलं, त्यावर दुसरं कोणी चढवलं, मध्ये सरांनी ठिगळं लावली. दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदल व्हायचा. नवीन टेबल आलं, जुनं गेलं, दोनाचं एक झालं. हे काम सर रविवारी दुपारी दोन ते चार करायचे. अमरावतीच्या उन्हाळ्यात त्या वेळी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, रक्त द्यायला कोण येणार! मला त्यासाठी रविवारी अकोल्याहून यावं लागे आणि मी दर वेळी कुरकुर करत असे. सर येताना गिला वडा घेऊन यायचे, तो माझ्यापुढं सरकवायचे.

टेबल काढण्याआधी त्यांचे दोन नियम. एक, तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा विचारायचं. “हे काढू का?” असं मी विचारायचं, सरांनी विचार करून उत्तर द्यायचं आणि उत्तर कागदावर लिहून खाली ‘मो’ अशी सही करायची. एकाच दिवशी तीनदा विचारलेलं चालायचं नाही. “एका दिवशी माणूस एकच असते. तीन दिवशी तीन माणसं असतात,” असं म्हणायचे.

आणि दुसरा नियम आठ दिवसांचा. तीनदा होकार आला तरी टेबल लगेच काढायचं नाही. आधी त्याचं नाव बदलायचं आणि आठ दिवस थांबायचं. कोणाचं काही त्यावर टेकलेलं असेल, तर नाव बदलताच त्याचं काम बंद पडतं आणि तो बोंबलतो. कोणी बोंबललं नाही, तर मग काढा.

एकदा असंच एक टेबल होतं. मी शपथेवर सांगितलं होतं की त्याचा कोणालाही उपयोग नाही. नाव बदललं. सहाव्या दिवशी वरूडच्या शिबिरातून आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला, दात्यांची कार्डं छापून निघत नाहीत, मंडीत पन्नास माणसं ताटकळत उभी आहेत आणि ती आता याला मारणार आहेत. मुख्य डॉक्टर लाल झाले. आणि सर? सर खुर्चीतून उठून टाळ्या पिटत राहिले. “बोंबललं! कोणीतरी बोंबललं बाप्पा!” पाच मिनिटांत नाव पूर्ववत केलं, कार्डं छापायला लागली. संध्याकाळी सगळ्या केंद्राला त्यांच्याकडून गिला वडा. डॉक्टर म्हणाले, मोहोड, तुमची चूक झाली आणि तुम्ही पार्टी देता? सर म्हणाले, “साहेब, चूक झाली असती. होता होता राह्यली. मंग पार्टी नाई देत का?”

हाच नियम ते घरीही लावायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला एकदा वैतागून सांगत होत्या, “अवं, फुटकी बादली फेकाची म्हटलं तं आठ दिवस मोरीमांगं लपवून ठेवतात. माह्यी चप्पल तुटली, थे बी आठ दिवस पलंगाखाली. म्या म्हटलं, मी मेली तं मले बी आठ दिवस ठेवसान का घरात?” सर शांतपणे चहा पीत म्हणाले, “तुह्यासाठी आठ दिवस नाई पुरत.” काकू लाजल्या. साठीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

एवढं सगळं कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. आपल्या हातानं कोणाचा तरी आधार काढला जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. बाकी साप, साहेब, सासुरवाडी, कशाला घाबरायचे नाहीत. कॉम्प्युटरमध्ये अशी एक सोय असते की खालचं एक काढलं की त्यावर टेकलेलं सगळं आपोआप पुसलं जातं, विचारतही नाही. ती सोय त्यांनी आमच्याकडं बंदच करून टाकली होती. मी एकदा घाईत ती वापरावी म्हटलं तर इतकं दुखावून बघितलं माझ्याकडं की मीच माफी मागितली.

आणि ते नुसते कॉम्प्युटरशी बसणारे नव्हते. शिबिराची गाडी निघाली की तेही निघायचे. वरूडच्या संत्रा मंडीत, कौंडण्यपूरच्या जत्रेत, गाडीपाशी टेबल मांडून स्वतः कार्ड भरायचे. मला म्हणायचे, “तुह्या त्या ओळी असतात, ओळी. म्या त्याईचे हात पाह्यले.” दात्यांमध्ये काही मोजके लोक अगदी दुर्मिळ गटाचे. ते गट हजारोंत एखाद्याचे असतात आणि वेळ आली की तोच एक माणूस लागतो. त्यांच्याशी सर जास्तच जपून असायचे. दिवाळीला स्वतः फोन करायचे.

त्यांचं विसरणं केव्हा सुरू झालं, हे मला नेमकं सांगता येणार नाही. नाही, खोटं कशाला बोलू? सांगता येतं. एका सकाळी मी बडनेऱ्याहून आले, घाम पुसत होते, तर सरांनी विचारलं, “तू कोनत्या गावाहून येतं वं?” मला वाटलं, अकोल्यावरून चिडवणार आहेत. मी हसले. सर हसले नाहीत. उत्तराची वाट बघत राहिले.

मग एकेक दिसायला लागलं. दुपारी डबा खाऊन झाल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा डबा उघडायचे आणि रिकामा पाहून इकडंतिकडं बघायचे. एकाच नकाशाची दोन कॅलेंडरं एकाच दिवशी काढलेली सापडली, दोन्हीत एकेक बाण कमी. आधी वर्षाला दोन-तीन कॅलेंडरं पुरायची, आता महिन्याला दोन. डोक्यात राहत नव्हतं म्हणून माणूस कागदावर उतरवून ठेवत होता. मला कळत होतं. काकूंना फोन करावा, डॉक्टरांना सांगावं, असं दहादा मनात आलं. दर वेळी मी घड्याळ बघितलं आणि गाडी पकडायला पळाले. सांगितलं असतं तर सरांची नोकरी गेली असती, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मला ते खरं व्हायला नको होतं.

अशातच केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टनं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. जुन्या एक्केचाळीस टेबलांचा संसार उचलून नव्या घरात न्यायचा. कुठलं आधी मांडायचं, कुठलं कोणावर ठेवायचं, कुठलं इथंच सोडून द्यायचं. सरांनी चार कॅलेंडरं चिकटपट्टीनं जोडली आणि फरशीवर अंथरली. पंधरा दिवस आम्ही त्याच्या कडेनं चाललो, सफाईवाल्या मावशीही तेवढा भाग सोडून पुसायच्या. चाळीस टेबलांचा निकाल लागला. एक राहिलं. ‘जुने_दोन’.

त्या चौकोनातून एक तुटक रेघ निघाली होती आणि मधेच थांबली होती. बाण नव्हता. कुठं जाते ते लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी मी नियमाप्रमाणं विचारलं, “सर, जुने_दोन काढू का?”

सरांनी त्या रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. “थांब. पाहून राहिलो मी.” कागदावर लिहिलं, ‘थांबा – मो’.

बुधवारी विचारलं. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. म्हणाले, “काईतरी हाय याच्यावर टेकून. हाय. आज नको.” पुन्हा ‘थांबा – मो’.

शुक्रवारी मुख्य डॉक्टर खोलीत उभे होते, सॉफ्टवेअर बसवायला आलेली दोन पोरं उभी होती आणि परवा रविवार होता. मी तिसऱ्यांदा विचारलं. सरांनी त्या थांबलेल्या रेघेकडं पाहिलं. मग सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं.  त्यातल्या एका पोरानं घड्याळ बघितलं.

“काढून टाक,” सर म्हणाले. “काई नाई त्याच्यात.”

“आठ दिवस नाव बदलून ठेवू?”

“काढ म्हटलं ना!”

बारा वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. कागदावर लिहिलं, ‘काढा – मो’. अक्षर वाकडं आलं.

मला कळलं होतं. या माणसाला आठवत नाहीये आणि चार माणसांत ते कबूल करवत नाहीये, हे मला लख्ख कळलं होतं. मी म्हणू शकले असते, डॉक्टर, हे टेबल राहू द्या, मला शंका आहे. माझी जीभ इतर वेळी कशी चुरूचुरू चालते! त्या दिवशी चालली नाही. रविवारी दुपारी मी ते टेबल काढलं.

दोन महिने काहीच झालं नाही. जुना सर्व्हर तोवर भंगारात गेला होता. बॅकअप होता, पण तो उघडून द्यायला नागपूरहून माणूस यायला हवा होता.

मग एका दुपारी शहरातल्या एका दवाखान्यातून फोन आला. दिवस भरलेली बाई होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करावंच लागणार होतं आणि तिचा गट नेमका तो दुर्मिळ. आमच्याकडं त्या गटाचे दोन दाते होते. मी कॉम्प्युटरवर यादी उघडली. दोन नावं दिसली. पुढं गाव कोरं. फोन नंबर कोरा. पत्ता कोरा.

तेव्हा लक्षात आलं. दुर्मिळ गटाच्या दात्यांचे पत्ते कोण्या काळी कोणीतरी वेगळे ठेवले होते, ते सगळे ‘जुने_दोन’मध्ये होते. ती अर्धवट तुटक रेघ या दात्यांच्या नावांशी जोडायची होती.

खोलीत धावपळ उडाली. नागपूरच्या माणसाला फोन, तो म्हणे उद्या संध्याकाळी येतो. दवाखान्यातून तिचा नवरा येऊन बाकावर बसला, नुसता आमच्या तोंडांकडं बघत. सर कोपऱ्यात होते. त्यांना हल्ली हलकी कामं दिली जायची. उठून माझ्यामागं आले आणि पडद्यावरचं पहिलं नाव वाचलं.

“गोपाल,” ते म्हणाले. “हा वरूडचा. मंडीत क्रेट भरते. डावा हात पुढं करते, उजव्यात सुई टोचली का त्याले चक्कर येते. मंडीच्या गेटापाशी चहावाला हाय, थ्याले सांगा, ‘गोपालले मोहोडनं बोलावलं.’ येते तो.”

ज्या माणसाला आपण जेवलो की नाही ते आठवत नव्हतं, तो हे सगळं एका दमात बोलला. शिबिराच्या ड्रायव्हरनं कोणाकोणाला फोन करून त्या चहावाल्याला गाठलं. संध्याकाळी सहाला गोपाल मोटरसायकलवरून उतरला आणि त्यानं डावा हात पुढं केला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली.

सगळे सरांची पाठ थोपटत होते. सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते माझ्या पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडं बोट दाखवत होते. “हे कोरं काहून हाय?”

“एक टेबल काढलं गेलं सर.”

“कोनं काढलं?”

“मी.”

“मले इचारलं नाई?”

खोलीत डॉक्टर होते, त्या बाळंतिणीचा नवरा होता, सगळे होते. मी म्हटलं, “नाही सर. राहून गेलं.”

मग ते मला बोलले. सगळ्यांसमोर बोलले. “इचाराले तोंड दुखत होतं का? बारा वर्षं काय शिकवलं म्या तुले? आठ दिवस थांबून उपेग नसते अशा ठिकाणी, आठ दिवसांत कोनाले लागते असं रक्त? कोनी बोंबलत नाई. म्हणून तं इचारा लागते माणसाले! थ्या बाईचं काई झालं असतं तं कोनाच्या माथी आलं असतं?” मी मान खाली घालून ऐकलं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. हे आमचे जुने सर होते आणि त्यांचं म्हणणं शब्दनशब्द बरोबर होतं.

एक गोष्ट मी विसरले. तो कागद. त्या चार कॅलेंडरांच्या घडीत घालून तो मी त्यांच्याच कपाटात ठेवला होता. सर शिस्तीचे, एवढी मोठी चूक कशी झाली ते शोधणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ती घडी माझ्या टेबलावर उघडून ठेवलेली होती आणि वर तो कागद. ‘थांबा – मो. थांबा – मो. काढा – मो.’

सर शेजारी उभे होते.

“खोटं बोलली तू.”

“हो सर.”

“काहून?”

मी तो कागद परत घडीत सरकवला. 

“म्या लिहिलं ‘काढा’. मले याद बी नाई,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “म्हणजे मले इचारून आता फायदा नाई.” मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. “आजपासून तुले इचारत जातीन. तुह्या डोक्यात जे हाय थे कागदावर काढून ठेवजो. रोज काढजो. डोक्याचा भरोसा नाई ठेवाचा.”

डबा घेऊन ते निघाले. दारापर्यंत गेले, थांबले, आणि वॉचमनला विचारलं की बाहेर जायचा रस्ता कोणता.

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी रेवती त्यांना आणि काकूंना अकोल्याला घेऊन गेली. ती तिथं शाळेत शिकवते. जन्मभर अकोल्याला नावं ठेवणारा माणूस अकोल्यात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहायला आला. मी रविवारी जायचे. आधी त्यांना मी केंद्रातली कोणी तरी आहे एवढं कळायचं. मग रेवतीची मैत्रीण झाले. मग कोणीच नाही.

शेवटची गेले तेव्हा हिवाळा होता. सर गच्चीवर सतरंजीवर बसले होते, कोवळ्या उन्हात. पुढ्यात पालथं कॅलेंडर. काकू म्हणाल्या, “दिवसभर हेच. पेन्सिल काढून घेतली का रडतात.” मी शेजारी बसले. चौकोन काढले होते. एकात ‘रेवती’, एकात काकूंचं नाव, एकात ‘मोहोड’. पहिल्या दोन्हींतून ‘मोहोड’कडं पक्क्या रेघा.

माझ्याकडं पाहून त्यांनी एक नवा चौकोन काढला. कामाच्या माणसासारखं विचारलं, “नाव?”

“अकोलेवाली.”

हसले नाहीत. सावकाश लिहिलं. “कोनाच्या भरोशावर?”

“तुमच्या, सर.”

“पक्की का तुटक?”

मी काय सांगणार होते? नात्याची नाही, गोत्याची नाही, आमचं काही कुठं लिहिलेलं नाही. म्हटलं, “तुटक.”

त्यांची पेन्सिल माझ्या चौकोनातून निघाली. एक टिंब, मग एक टिंब, पण मधे कुठं थांबली नाही. ‘मोहोड’पाशी येऊन त्यांनी नीट बाण काढला. मग काकूंना हाक मारली आणि त्या बाणावर बोट ठेवून बजावलं, “हे पाह्य. ध्यानात ठेवजो. मले काढाच्या आधी हिले इचारा लागते. तीनदा.”

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी कशीबशी जिना उतरले.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी रेवतीचा फोन आला. झोपेतच गेले होते. मला कोणी विचारलं नाही. तीनदा सोडा, एकदाही नाही.

आज सोमवार आहे, आठ दिवस झाले. नवे साहेब सकाळीच येऊन गेले. तोवर आमची पद्धत त्यांना ड्रायव्हरकडून कळली होती. “काय मॅडम, केली का कोणी तक्रार? कोणी बोंबललं?”

“हो,” मी म्हटलं.

“कोण?”

“मी.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, यादीतल्या त्या नावापुढची ‘काढा’ ही खूण खोडली आणि गेले.